बॅटरीखालचं कुंकू

वस्तू उघडून पाहायची संतोषला लहानपणापासून खोड. हातात खेळणं आलं की तो खेळायचा नाही, त्याचे स्क्रू शोधायचा. पुढे ही खोडच पोटापाण्याला लागली. तेलंगणातल्या नार्नूरच्या बाजारात त्याचं फोन दुरुस्तीचं दुकान होतं, आणि गेली दोन वर्षं तो महागडे फोन कॅमेऱ्यासमोर सुटे करून आत काय काय असतं ते मराठीतून समजावून सांगायचा. आदिलाबादपासून यवतमाळपर्यंतची चार-पाच हजार रिकामटेकडी माणसं ते बघायची आणि खाली लिहायची, "भाऊ, असा फोन आपल्या नशिबात नाही, पण आतून पाहून जीव थंड झाला."

त्या दुपारी टेबलावर जो फोन होता तसा त्याने आजवर कधी उघडला नव्हता. एका बड्या कंपनीचा, यंदाचा सगळ्यात वरचा, लाखाच्या पुढचा. असे दोन त्याने पंधरवड्यापूर्वी एका फिरत्या एजंटाकडून घेतले होते. दोन्ही सीलबंद डब्यात आणि निम्म्याहून कमी भावात. "विम्याचा माल आहे," एजंट म्हणाला होता. विम्याचा माल म्हणजे नेमकं काय, हे संतोषने विचारलं नाही. इतकं स्वस्त मिळत असताना फार चौकशी करू नये एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं, आणि असलं शहाणपण माणसाला कुठे नेऊन ठेवतं ते आता दिसणार होतं.

एक फोन त्याने व्हिडिओसाठी ठेवला. दुसरा कालच रंजीताच्या मुलीच्या बारशाला देऊन आला होता.

रंजीता त्याची एकुलती एक बहीण. लग्नाला सात वर्षं झाल्यावर पोर झालं, तेही जिवावर बेतून. आईबाप नव्हते, म्हणून बाळंतपण माहेरी झालं नाही. सासरीच झालं, इंद्रवेल्लीच्या अलीकडे रस्ता सोडून आत असलेल्या एका वाडीत. ही गोष्ट संतोषच्या मनाला लागून राहिली होती. बहिणीला डिंकाचे लाडू घालता आले नाहीत, तर मामाची भेट तरी अशी पाहिजे की चारचौघांनी नाव काढावं. आणि चारचौघांसमोर डबा द्यायचा तर त्याचं सील शाबूत पाहिजे. फोडलेला डबा दिला असता तर वापरलेला फोन गळ्यात मारला, असं म्हणणाऱ्या चार बायका तिथे होत्याच. म्हणून त्याने तो आधी उघडून पाहिला नाही. शंका आली नव्हती असं नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दिवसापासून होती. पण आधी बारसं उरकू, मग आपल्याजवळचा उघडून बघू, असा त्याने बेत केला. मनाला गप्प बसवायला एवढंही पुरतं.

त्याने कॅमेरा सुरू केला. गोंद मऊ व्हावा म्हणून विजेच्या तापत्या पाटावर फोनची पाठ शेकली, मग तो पालथा ठेवून काचेच्या कडेला पातळ पाती घातली. "बगा मंडळी, हे काम लई सबुरीचं हाय. कंपनीचा गोंद सुटता सुटत नाई," असं तो म्हणाला, आणि त्याच क्षणी पाठीची काच सुटून त्याच्या हातात आली.

तो हसला. कॅमेरा चालू होता, हसणं भाग होतं. पण कडेवरून बोट फिरवून त्याने पाहिलं, हा कंपनीचा गोंद नव्हता.

आतल्या एका स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे होते. कारखान्यातल्या यंत्राचा हात असा घसरत नाही. बॅटरीवर ग्राफाइटचा काळा पातळ पापुद्रा असायला हवा होता, उष्णता एका जागी साचू नये म्हणून. तो नव्हताच. संतोष बोलायचा थांबला. त्याने बॅटरीची जोडणी काढली आणि ती उचलायला गेला, तर ती आधीच मधोमध फुगलेली, तेलात सोडलेल्या पापडासारखी. लाकडी काडीने त्याने ती हळूहळू सोडवून वर घेतली.

खालच्या चौकटीवर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं.

लाल, सुकलेलं, एका बोटाच्या टोकाएवढं. संतोष त्याच्याकडे बघतच राहिला, कारण हे बोट त्याच्या ओळखीचं होतं. अठरा वर्षांपूर्वी आदिलाबादला लक्ष्मणरावांच्या दुकानात तो हे काम शिकला. कुठलाही फोन उघडला की बंद करण्याआधी बॅटरीच्या जागी कुंकवाचं बोट लावायचं, ही लक्ष्मणरावांची रीत. चालती वस्तू आपण फोडली, आता तिला नीट नांदू दे, एवढाच त्यामागचा भाव. त्या दुकानात दोघेच शिकले होते, संतोष आणि राजकुमार. लक्ष्मणराव जाऊन सहा वर्षं झाली. कॅमेऱ्यापुढे लोक हसतात म्हणून संतोषने ती रीत सोडून दिली होती. म्हणजे उरला एकच माणूस.

त्याने बॅटरीच्या टोकाची पिवळी पट्टी सोलली. आत हाताने दिलेले सोल्डरचे डाग होते, ओबडधोबड, आणि सुरक्षेच्या बारक्या पट्टीला वळसा घालून केसाएवढी एक तार जोडलेली होती. त्या तारेचं काम काय, हे समजायला त्याला कुणाची गरज नव्हती. तरी त्याने राजकुमारला फोन लावला. आपलं चुकत असावं, अशी त्याला आशा होती.

"राजकुमार, मी फोन उघडून बसलो. याच्या बॅटरीखाली तुयं कुंकू हाय."

राजकुमार म्हणाला, "कोन्ता फोन?"

संतोषने मॉडेल सांगितलं.

"तुले कुठून भेटला बे? तो माल इकडं विकाचा नव्हता."

"किती केले तू?"

"ईस. जुने घेऊन नव्या डब्यात भरले."

"अन् हे तार काऊन टाकली?"

"वरिजनल बॅटरी परवडत नाई. दुसरी टाकली तं स्क्रीनवर लिहून येते, हे बॅटरी कंपनीची नाई म्हून. मंग जुनीची पट्टी काढून स्वस्तातल्या सेलले डाग देला. पन हे सेल लवकर तापते, तापले का पट्टी चार्जिंग बंद करते. गिऱ्हाईक बोंबलते. म्हून तार."

"म्हंजे कितीबी तापला तरी थांबाचा नाई."

"नाई थांबत." राजकुमारचा आवाज खाली गेला. "दोन तं इथं माया टेबलावरच पेटले. तासाभरानं, दीड तासानं. संतोष, तो चार्जिंगले लावू नोको."

"मंग कुंकू काऊन लावलं?"

"भेव वाटलं म्हून," राजकुमार म्हणाला.

संतोषने फोन ठेवला आणि रंजीताचा नंबर लावला. तिचं सिमकार्ड त्याने स्वतःच काल नव्या फोनमध्ये घालून दिलं होतं. फोन बंद होता.

बंद का असेल हेही त्याला माहीत होतं. काल निघताना त्याने तिला बजावलं होतं, "पयल्यांदा बंद करून आठ घंटे चार्ज कर, मंगच चालू कर." जुन्या बॅटऱ्यांच्या काळातलं हे वाक्य तो अठरा वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आला होता. आताच्या फोनांना त्याची काही गरज नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण जिभेला वळण पडलेलं असतं, आणि काल बारशाच्या गर्दीत मोठेपणाने काहीतरी सांगायला त्याला बरं वाटलं होतं.

त्याने मेहुण्याला, प्रवीणला फोन केला. प्रवीण आदिलाबादला कापूस विकायला गेलेला. मागे ट्रॅक्टरांची घरघर चालू होती.

"प्रवीणराव, रंजीताचा फोन बंद काऊन हाय?"

"तुमीच तं सांगतलं भाऊ, बंद करून चार्ज करा म्हून. काल रातपून गावात करंट नव्हता. अकराले आला आसन, आईनं लावला आसन."

"कुठं लावला?"

"पाळन्यात." प्रवीण हसला. "आमच्यात मामाची भेट पाच दिवस पाळन्यातून काढत नाईत नं. पोरीच्या उशाशीच हाय. बोर्डाची वायर पुरते तितवर."

संतोषने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"घरात आणिक कोनाकडं फोन हाय?"

"नाई. शेजारचे माणिकराव हायेत, पन ते वावरात आसतीन. काऊन भाऊ, का झालं?"

"माणिकरावले फोन लावा. लावतच राहा. पाळन्यातला फोन काढून बाहेर फेका म्हना. मी निंगलो."

दुकान उघडं टाकून त्याने गाडीला किक मारली. कॅमेरा आत चालूच राहिला.

एरवी त्या रस्त्याला तास लागतो. दोन्ही बाजूंना सागाची झाडं पानं गाळून उभी होती आणि वाळलेली पानं रस्त्यावर आली होती, वळणावर गाडी घसरत होती. संतोष मनातल्या मनात हिशेब करत होता. अकराला करंट आला. म्हातारीला लक्षात यायला पंधरा मिनिटं धरू. बाळाची न्हाणीधुणी असेल तर अर्धा तास धरू. राजकुमारचे फोन तासाभराने पेटले, दीड तासाने पेटले. हिशेब कसाही मांडला तरी वेळ उरत नव्हता. मग तो करंट जावा म्हणून देवाला विनवायला लागला. या भागात रोज दहा वेळा जातो, आजच जाऊ नये असं काय आहे, म्हणून त्याने करंटवाल्यांनाही शिव्या घातल्या. जंगलाच्या पट्ट्यात सिग्नल गेला. पुन्हा आला तेव्हा खिशातला फोन तीनदा थरथरून गप्प झाला. गाडी थांबवून बघायचा त्याला धीर झाला नाही.

वाडीत शिरताना त्याला लांबूनच रंजीताच्या घराच्या खिडकीतून धूर निघताना दिसला.

गाडी अंगणात आडवी झाली, तशीच टाकून तो दाराकडे धावला. दारात प्रवीणची आई भागाबाई तांदूळ निवडत बसली होती.

"या मामा. काऊन धावून राह्यले?"

"धूर कायचा हाय?"

"धुरी देली माय पोरीले. ओव्याची. मघापून काई येगळाच वास येऊन राह्यला, ओवाच खराब निंगाला वाटते."

खोलीत काही दिसत नव्हतं. खाटेखाली शेगडी होती, वर रंजीता अंग शेकून गाढ झोपलेली. आणि ओव्याच्या वासामागे दुसरा वास होता, गोडसर, नेलपॉलिशसारखा. फुटलेल्या सेलचा वास संतोष झोपेतही ओळखला असता. त्याने पाळण्यात हात घातला. डाव्या हाताने मुलीला दुपट्यासकट छातीशी घेतलं, उजव्या हाताने उशाशी ठेवलेल्या खणाखालचा फोन धरला. तळवा चरचरला. वायर तुटली की बोर्ड उखडला हे त्याला कळलं नाही. त्याने फोन दारातून बाहेर भिरकावला.

तो जमिनीवर पडला तेव्हा फक्त फुसफुसत होता. मग पांढरा जाळ उठला, हातभर उंच, आणि कोंबड्या ओरडत घराभोवती पळाल्या. पाणी घेऊन धावलेल्या भागाबाईला संतोषने ओरडून थांबवलं. जळून जळून तो आपोआप विझला. अंगणात एक काळी खळगी राहिली.

मुलगी रडत होती. रडत होती याचाच संतोषला इतका आनंद झाला की तो भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यालाही रडू फुटलं.

थोड्या वेळात सगळी वाडी जमली. माणिकरावही वावरातून धापा टाकत आले. फोन खोपीत ठेवला होता, आता पाहिला म्हणाले. कुणी संतोषच्या तळव्याला कोरफड लावली. भागाबाईने मीठमोहरी घेऊन आधी नातीवरून उतरवली, मग त्याच्यावरून. "देवासारखे धावून आले मामा," ती प्रत्येक येणाऱ्याला सांगत होती. तिने मुलीला आणून त्याच्या मांडीवर दिलं. जमलेल्या बायका म्हणाल्या, भाऊ असावा तर असा. संतोष मान खाली घालून ऐकत होता. विसातले दोन राजकुमारच्या टेबलावर जळाले, दोन त्याच्याकडे आले, आणि बाकीचे सोळा आज कुणाकुणाच्या उशाला असतील हे त्याला माहीत नव्हतं.

रंजीता खाटेवर उठून बसली होती.

"दादा, तुले नार्नूरात बसून कसं समजलं?"

"तसाच दुसरा फोन माह्याजवळ होता. तो उघडला."

"कवा उघडला?"

"आज."

"मंग काल देतानी तुले काईच माईत नव्हतं नं?"

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. 'नाही' म्हणायचा अवकाश, सगळे पुन्हा कौतुकाला लागले असते. तो शब्द त्याच्या तोंडापर्यंत आलाही होता. पण मांडीवरच्या पोरीने त्याच्या न भाजलेल्या हाताचं बोट मुठीत धरलं होतं, आणि तिच्यासमोर त्याला खोटं बोलवेना.

"माईत नव्हतं," तो म्हणाला. "पन शंका होती."

रंजीता भिंतीला धरून खाटेवरून खाली उतरली. त्याच्यापुढे येऊन तिने वाकून मुलीची मूठ सोडवली, तिला उचललं, आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.