मागून गाणारी

तीस वर्षं मी ताईच्या मागे उभी राहून गायले. त्या तीस वर्षांत पहिला चरण एकदाही माझ्या तोंडून निघाला नाही.

आमची रीतच तशी होती. दर रविवारी प्रार्थनेच्या खोलीत ताई गाऊन निरूपण सांगायची. पहिला चरण तिचा, दुसरा मी उचलायचा. मग ती त्यावर बोलायची, लोकांना हसवता हसवता रडवायची, आणि पुन्हा पहिल्या चरणावर यायची. तिने श्वास आत घेतला की माझाही छातीत तयार असायचा. ती सगळ्यांची ताई, मी धाकटी. बावन्न वर्षांची झाले तरी धाकटीच.

एकदा मात्र वेळ आली होती. ताई वाटेत कुठेतरी अडकली, खोली गच्च भरलेली. कुणीतरी म्हणालं, तोवर धाकटी सुरू करेल. मी पुढे गेले, तोंड उघडलं, आणि घशातून काही म्हणजे काही बाहेर येईना. किती वेळ उभी होते देव जाणे. पहिल्या रांगेतल्या बाईंनी चष्मा काढून पदराने पुसायला घेतला. माझ्याकडे बघवत नाही म्हणून, असं मला वाटलं. ताई धापा टाकत आली तेव्हा मी तशीच उभी होते. त्याला पंधरा वर्षं झाली, पण तो चष्मा अजून स्वप्नात येतो.

यंदा ताईच्या घशातली गाठ काढली आणि तिचा आवाज गेला. परत येईल की नाही, डॉक्टर सांगत नाहीत. ती माझ्याकडेच राहते, हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत, आणि पाटीवर लिहून बोलते. मी त्याच हॉस्पिटलात चादरींच्या खोलीत कामाला आहे.

बुधवारी दुपारी तीनच्या सुमारास वरच्या वॉर्डातली सिस्टर खाली आली.

"तुमच्या ताईंना घेऊन या. सहा नंबरच्या बाई सारखं त्यांचं नाव घेताहेत."

"कोण बाई?"

"शाळेतल्या हो. त्या तुमच्या निरूपणाला पुढे बसायच्या ना, त्याच. आजची संध्याकाळ निघेल असं वाटत नाही. पुतण्या निघालाय, पण पोचायला उद्या उजाडेल. खूप घाबरल्यात. खोली शांत झाली की माझा हात सोडत नाहीत, आणि मला बाकीचे अकरा पेशंट आहेत."

चष्मा पुसणाऱ्या त्याच बाई. माझ्या हातातली उशीची खोळ खाली पडली.

घरी जाऊन ताईला सांगितलं. तिने पाटी पुढे ओढली आणि लिहिलं, "तू जा."

"मी? आणि काय करू? तुझ्यामागे कोण उभं राहतं विसरलीस का?"

तिने पुसून लिहिलं, "बाईंना गाणं हवंय. माझं तोंड नकोय."

"ताई, पंधरा वर्षांपूर्वीचं आठवतंय ना? तेव्हा फक्त लोक अवघडले होते. आज तसं झालं तर ती म्हातारी त्या शांततेत जाईल. माझ्यामुळे. मला नाही जमणार."

तिने पाटी पुन्हा पुसली. मग हळूहळू लिहिलं, "मी पाठवत नाहीये. देव बोलावतोय."

"मग चुकीच्या बहिणीला हाक मारतोय."

ताई हसली. आवाज नसलेलं ते हसणं बघून मला रडूच आलं. तिने लिहिलं, "त्याला सांग तसं. पण जाता जाता सांग." आणि माझी चप्पल पायानेच माझ्याकडे सरकवली.

मी गेले ती थेट वॉर्डात नाही. चादरींच्या खोलीत शिरले आणि दार लोटून घेतलं. माझ्या जोडीने काम करणारी मावशी एकटीच चादर पसरून उभी होती. आमच्याकडे मोठी चादर दोघींनी घडी करायची असते. मावशी कोपरे जुळवून पुढे येते, मी माझी टोकं घेऊन तिच्याकडे जाते. मी नुसती टोकं धरली आणि उभी राहिले. चादर थरथरत होती.

"थंडी वाजतेय का गं?" मावशी म्हणाली.

"वरती बोलावलंय. गायला."

"मग इथे काय करतेस? मी कोपरे जुळवते तेव्हा येतेस की पुढे."

"तू आधी येतेस म्हणून येते."

"हे बरंय," ती माझ्या हातातली टोकं काढून घेत म्हणाली. "जा. ही मी खुर्चीला अडकवून करीन. खुर्ची निदान रडत नाही."

जिना चढताना मी देवाला सगळं सांगितलं. माझा आवाज बसका आहे. मला निरूपण येत नाही. पहिला शब्द घशातच अडकतो, तुला माहीत आहे, तूच तर बघत होतास. प्रत्येक पायरीला एक कारण होतं आणि पायऱ्या संपल्या तरी कारणं उरली होती. त्याने एकाचंही उत्तर दिलं नाही. पाय मात्र थांबले नाहीत, हे काही माझं कर्तृत्व नव्हे.

पडद्याआड बाई उशीला टेकून होत्या. नाकात नळी. हाताने पलंगाची दांडी इतकी घट्ट धरलेली की बोटांची पेरं पांढरी पडली होती. चार वाजले होते, खिडकीतून ऊन पायथ्याशी आलं होतं.

"ताई कुठाय?"

"तिचा आवाज गेलाय, बाई."

"मग तू कशाला आलीस?"

"पाठवलं," मी एवढंच म्हटलं.

"बरं. मग म्हण. ही शांतता मला खायला उठते."

मी उभी राहिले. नेहमीप्रमाणे छाती तयार ठेवली आणि पुढच्या श्वासाची वाट बघू लागले. कुणाच्या? पुढे कोणी नव्हतंच. नळीची सूंऽ सूंऽ तेवढी ऐकू येत होती. हे बघ, पुन्हा तेच, मी मनात म्हटलं, आणि डोळे मिटून जे आलं ते सोडून दिलं.

"त्याने आधी धरले होते..."

दुसरा चरण. पहिला म्हटलाच नव्हता. कान तापले. शेजारच्या पडद्यामागून कोणीतरी खुदकन हसलं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

बाईंनी डोळे उघडले. शाळेतल्या मुलीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"आधीचं खाल्लंस," त्या म्हणाल्या. मग दांडी धरूनच, तुटक्या आवाजात, "हात रिकामे घेउन आले..."

"त्याने आधी धरले होते," माझा चरण आपसूक निघाला.

"दाराशी मी थबकुन गेले..."

"दार मुळी ते मिटले नव्हते."

त्या पुढे, मी मागे. तीस वर्षं समोर बसून त्यांना सगळं पाठ झालं होतं. चौथ्या खेपेला बोटं दांडीवरून सुटली आणि माझ्या मनगटावर आली.

"त्या दिवशी तुझ्याकडे बघून मला रडू आलं होतं," त्या मध्येच म्हणाल्या. "चष्मा ओला झाला. म्हटलं, या पोरीला कुणीतरी नुसता पहिला शब्द द्या रे. मीच द्यायला हवा होता. लाजले."

मी माझा चरण पुन्हा म्हटला. बोलले असते तर गाणं गेलं असतं.

अजून दोन खेपा झाल्या. मग त्या म्हणाल्या, "आता माझ्याच्याने नाही होत. थांबू नकोस गं."

आणि त्या गप्प झाल्या.

आता कोण देणार पहिला शब्द? त्यांची छाती वर आली. श्वास आत गेला, त्यावर शब्द आला नाही. पण श्वास मी ओळखते. आयुष्यभर दुसरं केलंय काय? त्यांच्या त्या श्वासावर मी पहिला चरण ठेवला.

"हात रिकामे घेउन आले..."

मग दुसरा. मग पुढच्या श्वासाची वाट. आवाज बसकाच होता, कापतही होता. भीती तसूभर कमी झाली नव्हती, ती माझ्याबरोबरच गात होती म्हणा ना. ऊन पलंगावरून भिंतीवर गेलं. श्वास लांब लांब पडू लागले, मी तेवढी थांबत राहिले. सिस्टर दोनदा डोकावून गेली. शेजारच्या पडद्यामागे आता कोणी हसत नव्हतं.

एकदा मी छाती भरून तयार राहिले आणि त्यांचा श्वास आला नाही.

मी वाट बघितली. आणखी बघितली. हातावरची बोटं सैल होती. एवढी भीती मला आयुष्यात वाटली नव्हती. पुढे कोणी नव्हतं, मागे कोणी नव्हतं.

मग मी माझ्याच श्वासावर म्हटलं, "दाराशी मी थबकुन गेले..."

सिस्टर आत आली. तिने नाडी बघितली, नळी काढली, माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"झालं हो. गेल्या त्या. थांबलात तरी चालेल आता."

"दुसरा चरण राहिलाय," मी म्हटलं, आणि तो म्हणून मगच बसले.