सुईत दोरा

मशीन बंद करून तिनं पर्समधून सुई-दोरा काढला, तेव्हा दुकानदाराला वाटलं, कुठलंतरी बटण तुटलं असावं.

“आत आरसा आहे, बाई.”

“आरसा कशाला? हात बघतेय.”

तिनं दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि सुई उजेडाकडे धरली. दोरा डावीकडून गेला, उजवीकडून गेला, नेढ्यातून काही जाईना.

“हे नको. बोटांना मुंग्या आल्या.”

“अहो, येणारच. लाकूड घासायचं मशीन आहे, मोरपीस नाही.”

“तुम्हाला एकदा विकायचंय. मला रोज धरायचंय.”

दुकानदार हसला आणि दुसरं खोकं काढायला शिडीवर चढला. तिच्या बोलण्यावर माणसं हसायची. माझे बाबाही हसायचे. घरी जेवताना त्यांची अर्धी वाक्यं ‘आज पॉलिश म्हणत होती’ अशीच सुरू व्हायची. तिचं नावच त्यांनी ते ठेवलं होतं. बाबा सुतार, ती त्यांच्या शेडमधली पॉलिशवाली. अकरा वर्षांपासून. वयानं माझ्याएवढीच.

बाबांना जाऊन दोन महिने झाले होते. जुना सँडर, म्हणजे घासायचं मशीन, त्यांच्या आधी आठ दिवस जळाला होता. शेडमध्ये एक जेवणाचं टेबल अर्धवट पडलं होतं. “तेवढं पुरं करून देते, ताई,” ती म्हणाली होती. “मशीन माझ्या पैशांनी घेते. स्वस्तातलं, पण धड. तुम्ही फक्त सोबत चला आणि शेड उघडून द्या.”

मी आले होते. टेबल गेलं की शेड बंद करायची, हे मनाशी ठरवूनच आले होते. किल्ली पर्समध्ये होती आणि कारणंही तयार होती: जागा जुनी झाली, पत्रा गळतो. खरं कारण मला कुणाला सांगता आलं नसतं. बाबा गेले त्या दिवशी त्यांची गिऱ्हाइकं आली आणि आधी तिच्यापाशी जाऊन उभी राहिली. मग कुणीतरी विचारलं, “मुलगी कोणती?”

“ते मोठं घ्या ना,” मी काचेमागच्या मशीनकडे बोट दाखवलं. “मी देते पैसे.”

“नको, ताई. जड आहे. उभ्या फळीवर धरलं तर तासाभरात खांदा उतरेल. आणि त्याला घासायचे कागद त्यांच्याच कंपनीचे लागतात. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला.” ती दुकानदाराकडे वळली. “आठ भोकांची चकती असलेलं दाखवा. त्याचे कागद कुठंही मिळतात.”

हेही बाबांचंच असणार. मी लहानपणी शेडमध्ये गेले की ते म्हणायचे, “तू पुस्तक वाच. इथं हाताला कुसळं लागतील.” मी पुस्तकं वाचली. पुष्कळ वाचली.

चौथं मशीन तिनं दुकानातल्या जुन्या फळीवर पाच मिनिटं चालवलं. एका हातानं धरलं, वेग कमी-जास्त केला, भुशाची पिशवी काढून पुन्हा बसवली. मग फळी तिरपी धरून, गोल ओरखडे दिसतात का, ते पाहिलं. शेवटी सुई काढली. दोरा पहिल्याच फटक्यात गेला.

“द्या हे.”

“ही सुईची काय भानगड आहे?” मी विचारलं.

“मिस्त्रींचीच युक्ती. तुमच्या बाबांची बोटं गेली होती ना.”

“गेली म्हणजे?”

“बधिर झाली होती. जुनं मशीन फार थरथरायचं. रोज संध्याकाळी सुई ओवून बघायचे, हात किती उरलाय ते.” तिनं सुई पुन्हा पर्समध्ये ठेवली. “तुम्हाला माहीत असेलच.”

“हो,” मी म्हणाले.

मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की, बाबा संध्याकाळी खिडकीशी सुई-दोरा घेऊन बसतात आणि त्यांना ओवता येत नाही. “काय हा हट्ट, बाबा! डोळे दाखवा एकदा,” असं म्हणून मीच त्यांना डॉक्टरकडे नेलं. चष्मा झाला. तरी दोरा जाईना, म्हणून पुन्हा नेलं, नंबर चुकला म्हणून डॉक्टरांना चार शब्द सुनावले आणि दुसरा चष्मा करून घेतला. बाबा घरी आल्यावर पेपर लांब-जवळ धरून म्हणाले, “वा! आता लख्ख दिसतंय.” त्यानंतर ते घरात सुई घेऊन कधी बसले नाहीत. मला वाटलं, प्रश्न सुटला.

शेडमध्ये तिनं टेबलाच्या फळीवर पेन्सिलीनं आडव्यातिडव्या रेघा ओढल्या आणि मशीन सुरू केलं. रेघा पुसल्या गेल्या की समजायचं, सगळीकडे सारखं घासलं गेलं. मी दाराशी उभी होते. दारामागच्या खिळ्याला मऊ फडक्याची पुरचुंडी टांगलेली होती. मी सोडली. आत बाबांचा चष्मा होता. दुसरा.

तिनं मशीन बंद केलं.

“घरी जाताना घालायचे,” ती म्हणाली. “सकाळी आले की इथं टांगायचे. मी संध्याकाळी पुसून द्यायची. भुसा फार असतो.”

बाबा गेले ते सकाळी, इथंच. त्या दिवशी घरी जायचं राहिलं.

“मला का नाही सांगितलं त्यांनी?”

“म्हणायचे, पोरीनं हौसेनं केलाय. आणि बोटांचं कळलं तर ती काम बंद करायला लावेल.”

खरं होतं. मी लावलंच असतं. तिनं लावलं नव्हतं. शेवटची तीन वर्षं प्रत्येक फळीवरून शेवटचा हात तिनं फिरवला होता. बाबा शेजारी उभे राहून विचारायचे, “लागतंय का गं?” ती सांगेल ते खरं मानायचे. माझा हात त्यांनी एकदाही मागितला नाही.

“ताई, बघता का जरा?” तिनं फळीवरचा भुसा झटकला.

मी डोळे मिटून या टोकापासून त्या टोकापर्यंत तळवा फिरवला. फळी पाण्यासारखी गुळगुळीत होती.

“छान झालंय. काही लागत नाही.”

तिनं माझ्यानंतर हात फिरवला. मधोमध तिची बोटं थांबली, थोडी मागे गेली, पुन्हा थांबली.

“इथं आहे थोडं.”

मी त्याच जागी बोट ठेवलं. दोनदा ठेवलं. मला काहीच लागलं नाही. तिनं बारीक कागद हातात घेतला आणि तेवढीच जागा हळूहळू घासू लागली. माझ्याकडे पाहिलंही नाही.

मी पर्समधून किल्ली काढली आणि दारामागच्या खिळ्याला अडकवली.

“हे काय, ताई?”

“पुढचं काम घ्या. दर वेळी माझ्याकडे कुठं येत बसणार?”

तिनं किल्लीकडे पाहिलं आणि माझ्या हातातल्या चष्म्याकडे. कागद धरलेला हात तसाच फळीवर होता. मग म्हणाली, “चष्मा तेवढा राहू द्या इथं. ते गेले त्या संध्याकाळीही मी पुसून ठेवला होता.”

“नाही,” मी म्हणाले. माझ्या अपेक्षेपेक्षा मोठ्यांदा.

तिनं मान हलवली आणि पुन्हा कामाला लागली.

वाटेत मी फडकं उघडून पाहिलं. काचांवर भुशाचा एक कण नव्हता. दांड्यांच्या सांध्यांतही नव्हता. तरी घरी आल्यावर मी तो पुन्हा पुसला.