हॉट प्रेसमधला ढगखाऊ घोडा

मित्रांनो, मी एक जुना घोडा आहे. खरं सांगायचं तर घोड्याचं नुसतं मुंडकं. पाय नाहीत, शेपूट नाही, पोट तर नाहीच. तरीही उभ्या आयुष्यात मी एकच काम केलं, ते म्हणजे ढग खाणं. हसू नका, नागपुरात माझं नाव होतं.

सुरेखाबाई कॉलेजात होत्या तेव्हा, एका उन्हाळ्यात त्यांनी मुलांच्या नाटकासाठी मला घडवलं. जुनी वर्तमानपत्रं घमेल्यात भिजवली, त्यात वाटलेल्या मेथ्या आणि डिंक कालवला आणि तो लगदा एका मोठ्या मडक्यावर थापला. मेथ्या घातल्या त्या कीड लागू नये म्हणून. त्यामुळे माझा स्वभाव जरा कडू झाला, तो आजतागायत तसाच आहे. कान जुन्या चपलेच्या चामड्याचे, आयाळ सुतळीची आणि जबड्याला सायकलच्या ब्रेकची तार. आतून तार ओढली की मी आ करायचो.

हा आ करणं म्हणजेच माझी सगळी गोष्ट. एका घोड्याला भूक आवरत नाही. तो एका गावावरचे सगळे ढग खाऊन टाकतो. सावली जाते, विहिरी आटतात. मोठी माणसं काठ्या घेऊन येतात, तेव्हा तो तोंड घट्ट मिटून बसतो. मग इवली नावाची एक मुलगी त्याच्यापुढे येते आणि म्हणते, "घोडेराव, आ करा. आमचं आभाळ तुमच्या पोटात आहे." त्याच्याशी इतक्या अदबीने आजवर कुणी बोललेलंच नसतं. तो आ करतो, ढग बाहेर पडतात आणि शेवटी घोडाही ढग होऊन जातो.

पहिल्या नाटकात माझ्या तोंडातून पिंजलेला कापूस निघायचा. पहिल्या रांगेतल्या एका पोराने मध्येच उठून मला आपलं बिस्किट देऊ केलं होतं, कारण त्याला माझी भूक खरी वाटली. याहून मोठं बक्षीस मला कधी मिळालं नाही.

पुढे गोष्ट रेडिओवर गेली. तिथे माझं रूप कुणाला दिसणार? मी रुसलोच होतो. पण रेडिओवाल्यांनी माझा जबडा माइकपाशी नेऊन वाजवला, आणि त्या खट्खट् आवाजाने घराघरांतली मुलं म्हणे खिडकीतून ढग मोजू लागली. मग नृत्य शिकवणाऱ्या वृंदाताईंनी नृत्यनाट्य केलं. मला डोक्यावर घालून त्या नाचल्या, आणि मला पाय आहेत असं तेव्हा मला प्रथमच वाटलं. एका चित्रकाराने पुस्तकासाठी मला समोर ठेवून चित्रं काढली. त्याने मला निळं रंगवलं. निळा घोडा कुणी पाहिलाय का? पण छापलेलं पुस्तक पाहिलं आणि माझी तक्रारच मिटली. ढगांच्या पलीकडे जे असतं ते त्याने माझ्या अंगावर आणून ठेवलं होतं. खरंच सांगतो मित्रांनो, प्रत्येक कलेने माझ्यातलं काहीतरी घेतलं आणि मला त्याच्या दुप्पट परत दिलं.

मग मात्र बरीच वर्षं कुणी बोलावलं नाही. कपाटावर, पोत्यात, तोंड भिंतीकडे करून मी पडून होतो.

सुरेखाबाईंची लेक उल्का आयर्लंडमध्ये डॉक्टर आहे. जावई अंबरीश तिथल्या लिक्सलिप गावात कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात इंजिनिअर. शेजारच्या ल्यूकनला त्यांचं घर आहे आणि त्यांना रेवा नावाची मुलगी आहे. रेवाला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती इंग्रजीत देते. तिथल्या मराठी मंडळात मुलांचं नाटक ठरलं, तेच ढगखाऊ घोड्याचं, आणि रेवा इवली होणार होती. ते कळल्याबरोबर सुरेखाबाईंनी लेकीकडे जायला भरलेली बॅग उघडली, चिवड्याचे डबे बाहेर काढले आणि मला आत ठेवलं. माझ्या टाळूत कुरडया भरल्या, जागा वाया जायला नको म्हणून. फोनवर उल्का म्हणाली, "आई, तिथून मुंडकं कशाला आणतेस?"

"काहून नको आणू? घोडा नाही तर नाटक काय करून राहिले तुम्ही?" सुरेखाबाई म्हणाल्या. नातीच्या तोंडून 'घोडेराव, आ करा' हे इवलीचं वाक्य त्यांना ऐकायचं होतं. बाकी काही नको होतं त्यांना.

ल्यूकनला पोचल्यावर पहिल्यांदा आभाळाकडे पाहिलं. अहो, काय ते ढग. इकडून तिकडे नुसती पंगत मांडलेली. इथे आपण उपाशी राहणार नाही, असं मनाशी म्हणालो.

पण माझी जागा आधीच गेली होती. या गोष्टीचा एक कार्टून सिनेमाही निघाला आहे, आणि रेवाने तो टॅबलेटवर किती वेळा पाहिला याला गणती नाही. तिने मला पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाली, "ही इज ग्रँड, आजी. बट दॅट्स द रिअल वन." इथे ग्रँड म्हणजे नुसतं ठीक, आणि खरा घोडा तो टॅबलेटवरचा. टॅबलेटवरच्या घोड्याने आ केला आणि त्यातून जे ढग उसळले, ते गोल फिरत, उजळत साऱ्या चौकटीभर पसरले. माझा मत्सराने जळफळाट झाला. त्याहून वाईट म्हणजे ते मला आवडलं.

घरात जागा नव्हती म्हणून मला मागच्या शेडमध्ये ठेवलं. तिथे गवत कापायचं यंत्र होतं आणि ओल होती. मी कागदाचा आहे, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. सुरेखाबाईंच्याही नाही, कारण नागपूरच्या उन्हात वाढलेल्या त्यांना कागद सादळतो हे कुठून माहीत असणार?

तिकडे तालमीत रेवा दर वेळी म्हणायची, "ओपन युवर माउथ, हॉर्सी." सुरेखाबाई रागवायच्या नाहीत. फक्त त्यांचा चेहरा उतरायचा.

नाटकाला थोडे दिवस उरले तेव्हा मला बाहेर काढलं. जबडा लोंबत होता, गालावर बुरशी, एक कान निखळलेला. उल्का हळूच म्हणाली, "आई, राहू दे आता. अंबरीश पडद्यावर सिनेमातले ढग दाखवणारच आहे, घोडाही त्यातलाच दाखवू. हा ब्राउन बिनमध्ये टाकू का?" ब्राउन बिन म्हणजे भाजीच्या देठांचा, सालींचा डबा. सुरेखाबाई शेडच्या पायरीवर बसल्या आणि त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. मला फार भीती वाटली, मित्रांनो.

कुंपणापलीकडून शेजारच्या नोराबाईंनी हे पाहिलं. वयाने सुरेखाबाईंएवढ्याच. "ओला झालाय होय बिचारा? हॉट प्रेसमध्ये ठेव की," त्या आपल्या इंग्रजीत म्हणाल्या. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि गरम पाण्याच्या टाकीभोवतीचं कपाट ते हॉट प्रेस. टॉवेल, चादरी तिथे उबेला असतात. सुरेखाबाईंनी माझी बुरशी पुसली, कान शिवला, जबडा दोरीने बांधला आणि मला टॉवेलांमध्ये बसवलं.

ऊब लागली तशा माझ्यातल्या मेथ्या जाग्या झाल्या. जिन्यापासून स्वयंपाकघरापर्यंत मेथीचा वास पसरला. रेवा टॉवेल घ्यायला आली, दार उघडलं आणि तिथेच थांबली. "आजी," ती म्हणाली, "ह्याला तुझ्या लाडूंचा वास येतोय." मराठीत म्हणाली. तिला स्वतःला ते कळलंही नाही. मग रोज शाळेतून आली की ती हॉट प्रेसपुढे मांडी घालून बसायची आणि मला शाळेतलं सांगायची. थोडं इंग्रजी, थोडं मराठी, जसं येईल तसं.

नाटकाच्या दिवशी हॉल भरला होता. नोराबाई पुढेच बसल्या होत्या. सुरेखाबाईंनी मला डोक्यावर घातलं. पण मी वाळून असा कडक झालो होतो की जबडा मिटला तो मिटलाच. आमची वेळ आली. आत त्यांनी तार ओढली. पुन्हा ओढली, तशी जुनी तार तुटली. मग त्या आतून बोटांनी जबडा ढकलू लागल्या.

रेवा माझ्यापुढे उभी होती. आपली आजी आत अडकली आहे, हे तिने ओळखलं. ती जवळ आली, माझ्या नाकावर हात ठेवला आणि स्वच्छ म्हणाली, "घोडेराव, आ करा. आमचं आभाळ तुमच्या पोटात आहे." मी हललो नाही. तिने आणखी जवळ येऊन आपल्या मनाचं जोडलं, "नाही उघडत तर राहू दे. मला वास येतोय. ढग आतच आहेत."

अंबरीश लॅपटॉपपाशी होता. त्याने प्रोजेक्टर उचलला आणि पडद्यावरून वळवून सरळ आमच्यावर धरला. ज्या ढगांचा मी इतका हेवा केला, ते ढग माझ्या मिटल्या तोंडापासून उसळले. ते रेवाच्या हातांवरून, फ्रॉकवरून वाहत छतापर्यंत गेले. अवघ्या कारकिर्दीत इतकं सुंदर काम मी केलं नव्हतं, आणि ते माझं एकट्याचं नव्हतं. आत सुरेखाबाई रडत होत्या. मी पुन्हा जरासा ओला झालो, पण त्या ओलीची मला भीती वाटली नाही.

सुरेखाबाई आता नागपूरला परत गेल्या आहेत. मी हॉट प्रेसमध्येच राहतो, टॉवेलांच्या वरच्या फळीवर. तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी अडगळीत पडलं असेल. त्याच्या जागी नवा आला तर खुशाल येऊ द्या, नवा वाईट नसतो, हे मी पाहिलंय. फक्त जुन्याला ओलीत ठेवू नका, आणि अधूनमधून दार उघडून त्याच्याशी दोन शब्द बोला.

दर रविवारी रेवा फोन घेऊन येते आणि आजीला मी दिसेन असा धरते. सुरेखाबाई विचारतात, "वास येते का गं अजून?" फोनमधून वास काही जात नाही. म्हणून रेवा डोळे मिटते, माझ्यात नाक खुपसते आणि तो कसा येतोय ते आजीला सगळं सांगते, मराठीत.