आकाशातला पंखा

"अहो, ढग सरकतोय! धरा ना!" माधवी खालून ओरडली आणि स्टुलावरच्या धीरजने चक्क डोक्याने कागद छताला दाबून धरला. दोन्ही हात गोंदाने बरबटलेले. दुसरं करणार काय?

छताला वॉलपेपर लावायचं खूळ धीरजचंच. कंबरेचं हाड मोडल्यापासून त्याचे वडील, नारायणराव, पाठीवर पडून होते. दिवसभर डोळ्यांपुढे पोपडे आलेलं छत आणि फिरणारा पंखा. देवासच्या बाजारात दुकानदाराने निळ्या आभाळाचा कागद उलगडला, "ले जाओ भिया, पूरा आसमान है," म्हणाला, आणि धीरज विरघळला.

दुपारपर्यंत आभाळ चिपकलं. उतरवलेला पंखा कागद वाळल्यावर बसवायचा होता. औषधाच्या गुंगीतल्या नारायणरावांना दोघांनी बाहेरच्या खोलीतून अलगद आणून पलंगावर निजवलं.

"उठले की बघ कसे खूश होतात," धीरज म्हणाला.

नारायणराव उठले. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी बराच वेळ वर बघत राहिले. मग त्यांनी हात जोडले. माधवीने चहा पुढे केला तर ओठ मिटून घेतले.

"मामंजी, आवडलं नाही का?"

"तुळशीचं पान दे, सूनबाई. चहा कसला आता!"

औषध जास्त झालं की काय? धीरजने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता.

"मला बाहेर कधी आणलंत रे?" नारायणरावांनी हळूच विचारलं. "डॉक्टर काय म्हणाले? मला काही कळलंच नाही."

धीरजला एकदम उलगडा झाला. हाटपिपल्याला, त्यांच्या गावच्या घरी, माणूस जायला लागला की त्याला छपराखालून काढून अंगणात ठेवत. जिवाला वाट मोकळी हवी म्हणत. आजोबांना असंच आणलं होतं, आणि पायांकडून उचलायला नारायणराव स्वतः होते.

"आबा, कागद आहे तो! आपण घरातच आहोत!" स्टुलावर चढून त्याने छतावर थापा मारल्या.

नारायणरावांनी समजूतदारपणे मान हलवली. जाणाऱ्याला लोक असंच काहीबाही सांगतात, हे त्यांना ठाऊक होतं.

"फाडूनच टाकते मी," माधवी रडकुंडीला आली.

"थांब. पंखा आण आधी."

धीरजने पंखा टांगून वायर जोडली. बटण दाबलं, पाती फिरली, नारायणरावांच्या चेहऱ्यावर वारा आला. ढगांच्या मधोमध गरगरणाऱ्या पंख्याकडे ते बघत राहिले आणि एकदम हसले.

"आकाशाला पंखा? येडे कुठले! आण तो चहा."

तेव्हापासून डोळे उघडले की पहिलं वाक्य, "पंखा लाव." मार्गशीर्ष गेला, पौष आला. माळव्याची थंडी, अंगावर दोन रजया, कानाला मफलर, तरी पंखा हवाच. माधवी कुरकुरायची, पण बटण दाबायची. आपण घरातच आहोत हे त्यांना कळायला हवं ना!

परवा सकाळी त्यांनी धीरजला हाक मारली. नजर ढगांवर होती.

"पंखा बंद कर रे आता."

"थंडी वाजते का, आबा?"

नारायणरावांनी ढगांकडे बघतच हात जोडले. धीरज बटणावर हात ठेवून तसाच उभा राहिला.