कवळीची कड

मी एक जुनी सुरी आहे. मित्रांनो, दचकू नका. मी आजवर कुणाचे बोटसुद्धा कापलेले नाही. माझे काम मेणाचे. दात पडलेल्या माणसांसाठी जी कवळी करतात, ती आधी मेणात घडवावी लागते. ते मेण कापायला आणि हिरडीसारखे गोलसर करायला माझ्यासारखी बोटभर पात्याची सुरी लागते. माझी मूठ लाकडी आहे आणि एका जागी ती अंगठ्याने झिजून खोलगट झाली आहे. तो अंगठा माझ्या बाईचा.

बाई एका मोठ्या रुग्णालयाच्या तळघरात कवळ्या करायची. तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांनी निवृत्त होताना मला तिच्या हाती दिले आणि म्हणाले, "हिला दिव्यावर लाल होईपर्यंत तापवू नकोस, पात्याचं पाणी उतरतं, मग धार टिकत नाही." त्यानंतर सतरा वर्षे आम्ही दोघी एकाच टेबलाशी होतो. तळघराला खिडकी नव्हती. पण पगार ठरल्या तारखेला व्हायचा, आजारपणाची काळजी नव्हती, आणि प्रत्येक कवळी बाहेर जाण्याआधी विभागाचे साहेब ती एकदा उलटीसुलटी करून बघायचे.

कौतुकही झाले. एक निवृत्त शिक्षिका होत्या. दात गेल्यापासून त्यांना 'स' म्हणता येत नव्हता, म्हणून त्या नातीला नावाने हाक मारायचे टाळत. नवी कवळी बसल्यावर त्या जिने उतरून तळघरात आल्या आणि बाईला नातीचे नाव चार वेळा म्हणून दाखवले. त्या गेल्यावर बाईने मला पुसले. मी स्वच्छच होते.

मग कपाटाएवढे एक यंत्र आले. संगणकावर चित्र काढायचे, की यंत्र आतल्या आत कवळी कोरून बाहेर देई. बाईची नोकरी शाबूत राहिली. फक्त बटण दाबायचे आणि अर्ज भरायचे. मी खणात गेले, रबरबँड आणि संपलेल्या पेनांच्या सोबतीला. तिथेच माझ्या पात्यावर गंजाचा पहिला ठिपका पडला.

एके दिवशी बाहेरच्या एका दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरीण बाई तळघरात आल्या. म्हणाल्या, "तुमच्या हातच्या कवळ्या बसायच्या, यंत्राच्या परत येतात. तुम्ही स्वतंत्र काम सुरू केलंत तर आम्ही दोन-तीन दवाखाने आमचं काम तुमच्याकडेच देऊ. लेखी मात्र काही देता येणार नाही हं."

त्या दिवशी बाईने मला खणातून काढून एप्रनच्या खिशात ठेवले. आठवड्याने माझ्याशेजारी एक घडी केलेला कागद आला. राजीनामा. बाई साहेबांच्या दारापर्यंत जायची, खिशात हात घालून तो कागद पकडायची आणि तशीच मागे फिरायची. असे किती वेळा झाले ते मी सांगू शकत नाही. घामाने कागद कापडासारखा मऊ झाला. तिची बोटे मात्र गार असायची, आणि तो गारठा माझ्या पात्यापर्यंत पोचायचा.

घरी भिण्याजोगे पुष्कळ होते. नवरा मालाची गाडी चालवायचा, भाडे मिळाले तर मिळाले. घर उभे होते ते बाईच्या नोकरीवर. सासरे अडतीस वर्षे एकाच कचेरीत कारकून होते.

"सूनबाई, मी आयुष्यात दोनच गोष्टी बदलल्या," ते म्हणाले. "चष्मा आणि दात. दोन्ही वेळा पस्तावलो."

नवरा हसला. बाईला हसू आले नाही.

"उद्या काम आलंच नाही तर काय करशील?" सासऱ्यांनी विचारले.

"माहीत नाही, बाबा."

"मग माहीत होईपर्यंत थांब."

शेवटी बाईने एक तोड काढली. सासऱ्यांची कवळी जुनी झाली होती, बोलताना खटखट वाजायची. बाई म्हणाली, "तुमची नवी कवळी मी घरीच करते. नीट बसली तर राजीनामा देईन. नाही बसली तर कागद फाडून टाकीन."

"म्हणजे माझ्या तोंडावर तुझी नोकरी ठरणार?" असे म्हणत त्यांनी तोंड उघडले. डॉक्टरीण बाईंनी ठसा घेऊन दिला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर काम सुरू झाले.

मित्रांनो, सतरा वर्षे बाईने मेणाची कड एका झटक्यात कापली होती. त्या दिवशी तिने मला कडेवर टेकवले आणि उचलले. पुन्हा टेकवले, पुन्हा उचलले. विचारायला जवळ कुणी नव्हते. जास्त कापले गेले तर, या धास्तीने तिने डावीकडे खाली कड तांदळाच्या दाण्याएवढी जादा राहू दिली. मला ते कळले. तिलाही कळले असणार.

मेणावरून पक्की, कडक कवळी तयार झाली. सासऱ्यांनी ती घातली, आरशात पाहिले आणि म्हणाले, "छान आहे."

चार दिवस ते छानच म्हणत राहिले. पण मी टेबलावरच्या पेल्यात उभी होते आणि मला सगळे दिसत होते. बाई कामावर गेली की ते कवळी काढून रुमालात गुंडाळायचे आणि पातळ केलेला भात गिळायचे. संध्याकाळी फाटक वाजले की घाईने कवळी बसवायचे. तेव्हा त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी यायचे. मी हादरून गेले. बाईला कळले तर कागद फाटणार. नाही कळले तर ती हीच चूक हातात घेऊन नोकरी सोडणार, आणि पुढचे तोंड परक्याचे असणार. मी सुरी. कुणाला काय सांगणार?

पाचव्या दिवशी यंत्र बंद पडले म्हणून बाई दुपारीच घरी आली. सासरे टेबलाशी बसले होते. समोर रुमाल उघडा होता आणि त्यावर रक्ताचा डाग होता.

"बाबा, कधीपासून दुखतंय?"

"दुसऱ्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीत? मी नोकरी सोडू नये असं तुम्हालाच वाटत होतं ना? एका शब्दात काम झालं असतं."

"म्हणूनच नाही बोललो," सासरे म्हणाले. "नको म्हणायचं तर सरळ म्हणेन. जखमेच्या आडून कशाला?"

बाई समोरच्या खुर्चीत बसली. "मला कळत होतं कड जादा राहिलीय. कापायचा धीर झाला नाही. तिथे साहेब बघतात, बाबा. इथे कुणी नाही."

सासऱ्यांनी कवळी तिच्यापुढे सरकवली. "मी आहे ना. डावीकडे, खाली टोचतंय. घे, काढ ते."

कवळी आता मेणाची नव्हती, कडक होती, म्हणून ते काम माझे नव्हते. बाईने बारीक कानस घेतली. गुलाबी भुकटी टेबलावर पडू लागली. तिने कवळी दिली, त्यांनी घातली. "अजून." तिने पुन्हा घासली. "अजून थोडं." चौथ्या वेळी त्यांनी पावाचा कडक तुकडा डाव्या बाजूने चावून खाल्ला आणि मान हलवली.

दुसऱ्या दिवशी बाईने कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी विचारले, "नीट विचार केलात ना?"

"केलाय," बाई म्हणाली. "भीतीही वाटतेय."

सासऱ्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, "मला अजूनही पटलेलं नाही." आणि खिडकीजवळची आपली खुर्ची, वर्तमानपत्रे, औषधाच्या बाटल्या उचलून त्यांनी ती उजेडाची जागा बाईच्या टेबलासाठी मोकळी करून दिली.

याला दहा महिने झाले. कधी कामाचे डबे एकावर एक चढतात. कधी आठवडाभर दाराची घंटा वाजत नाही, तेव्हा बाई मला उगाच पुसत बसते आणि मला पुन्हा ती गार बोटे लागतात. एक कवळी परतही आली. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही, तिलाही नाही.

मित्रांनो, हातातले हत्यार वापरात ठेवा, खणात टाकले की ते गंजते. आणि तुमच्या घरात कुणी भीत भीत काही नवे करत असेल, तर त्याला नुसते छान म्हणू नका. कुठे टोचते ते सांगा, आणि ते नीट होईपर्यंत त्याच्याजवळ बसा.