पंपवाल्याच्या इंजिनाची गळती

इंजिनाच्या कुशीतून पाण्याची एक बारीक धार सुटली आहे, हे पंपवाल्याच्या दृष्टीस पडले आणि त्या क्षणापासून त्याच्या चित्ताची शांती समूळ नाहीशी झाली.

हे इंजिन त्याने एका जुन्या मोटारबोटीसह नुकतेच खरेदी केले होते. ते पाण्याबाहेर चालवू नये असे विकणाऱ्याने बजावले होते. म्हणून त्याने ते अंगणात फळीला आवळून त्याचा पंख्याकडचा पाय कपडे धुण्याच्या पिंपात सोडला होता. प्लग तारेच्या ब्रशने घासला होता, गिअरचे काळवंडलेले तेल बदलले होते, सांध्यासांध्यात ग्रीस भरले होते. विकणारा आणखीही काही सांगू पाहत होता. परंतु "माझी हयात पंपावर गेली, मला इंजिन शिकवू नका," असे बोलून याने त्याचे तोंड बंद केले होते. ही प्रौढी निराधार नव्हती. गावच्या शेतांना पाणी पुरवणारा पंप तोच सांभाळी, आणि पाणी जेथे गळेल तेथे बुजवणे हे त्याने आपले जीवितकार्य मानले होते.

"अहो, पिंप रिकामं करा. कपडे भिजवायचेत," बायको म्हणाली.

"इथं इंजिन गळतंय आणि तुला कपड्यांचं पडलंय!"

"गळू दे की. झोपेत तुमच्या तोंडातून लाळ गळते, मी कधी बूच मारलं का?"

पंपवाल्याने धारेच्या भोकात चिंधी कोंबली. ती भिजून बाहेर आली. साबण भरला, त्याचा फेस झाला. लाकडी खुंटी ठोकली, तेव्हा ती बंदुकीच्या गोळीप्रमाणे सुटून शेजारच्या शिंप्याच्या कपाळावर आदळली. शिंपी कपाळ चोळत कुंपणाशी आला.

"रबर लावून एक टाका घालून देऊ का?"

"तुरटी लाव," रस्त्याने जाणारा न्हावी थांबून म्हणाला. "वाहतं रक्त थांबतं, पाण्याची काय बिशाद!"

तुरटीही भरून झाली. धार किंचित वाकडी झाली, इतकेच.

एवढ्या घाईचे कारण गंभीर होते. नदीच्या मधोमध असलेल्या बेटावर पंपवाल्याचा काकडीचा मळा होता. आजवर त्याचा माल त्याच्या मेहुण्याच्या, म्हणजे गावच्या नावाड्याच्या होडीतून येत असे. परंतु मागील हंगामात मेहुण्याने कोणाच्या तरी शेळ्या आधी पलीकडे नेल्या, आणि तोवर बेटावर उन्हात पडलेल्या काकड्या पिवळ्या पडल्या. तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते, आणि म्हणूनच ही बोट घेतली होती. व्यापाऱ्याने मात्र स्वच्छ सांगून ठेवले होते, की या खेपेसही काकडी पिवळी दिसली तर त्याचा ट्रक या काठाला पुन्हा लागणार नाही. त्याच्यावाचून त्या काकडीला दुसरे गिऱ्हाईक नव्हते.

ट्रकाचा दिवस उजाडला. नवराबायकोने पहाटेच बेट गाठून काकडी तोडली, गोण्या भरल्या आणि ऊन चढण्यापूर्वी बोट परत हाकारली. बेटाभोवतीच्या पाणगवतातून बाहेर पडताच पंपवाल्याची नजर इंजिनाकडे गेली, आणि त्याला आनंदाचे भरते आले.

"थांबली! अगं, गळती थांबली! तुरटीचा गुण बघ!"

"नाचू नका, बोट हलतेय," बायको म्हणाली. मग तिने नाक वर केले. "भाजी करपल्यासारखा वास कसला?"

इंजिनातून वाफ निघाली, ते दोनदा खोकले आणि निपचित झाले. बोट आडवी होऊन प्रवाहाबरोबर वाहू लागली. गावच्या काठाला ट्रक उभा असलेला दिसत होता, आणि तो हळूहळू मागे सरकत होता.

तेवढ्यात नावाडी रिकामी होडी घेऊन जवळ आला. त्याने प्रथम आकाशाकडे पाहिले, नंतर पाण्याकडे, आणि मग कोणाकडेही न पाहता विचारले, "दाजी, दोर टाकू का?"

"काही गरज नाही. आम्ही जरा विसावा घेतोय."

"उलट्या तोंडानं?"

"दादा, तू ये रे इकडे," बहीण कडाडली. "त्या भोकातून पाणी यायचं थांबलं म्हणून हे मघाशी नाचत होते."

नावाडी बोटीत उतरला आणि विचारात पडला. "दाजी, बैल मुतायचा थांबला तर तुम्ही नाचता का हो?"

पंपवाल्याचा चेहरा उतरला. लघुशंकेचा हा दृष्टांत त्याच्या अंतःकरणाला भिडला. ते इंजिन पाणी पिऊन, आपली उष्णता त्यात सोडून, तेच पाणी बाहेर टाकीत होते. आणि तो मात्र इतके दिवस त्याचा मूत्रमार्ग बुजवीत बसला होता!

तिघांनी मिळून इंजिन वर उचलले. पाणी शोषणाऱ्या फटींवर पाणगवताचा बोळा बसला होता. नावाड्याने तो उपसला. बायकोने केसांतला आकडा काढून भोकातील साबण आणि तुरटी खरवडली. इंजिन निवल्यावर पंपवाल्याने दोरी ओढली, ते धडधडले, आणि खळाळून धार सुटली.

"झाली! मोकळी झाली!" तिघेही ओरडले.

मात्र या शस्त्रक्रियेच्या भरात नावाड्याची होडी, कोणी न धरल्यामुळे, स्वतंत्रपणे दूर निघून गेली होती. ती पाठलाग करून पकडली, मागे बांधली आणि मंडळी काठाशी आली. येथे नवीनच संकट उद्भवले.

"इंजिन बंद करा ना!" काठावरून व्यापारी ओरडला.

"बंद केल्यावर पुन्हा चालू होईल याची हमी तू देतोस का?"

व्यापाऱ्याने हमी दिली नाही. तेव्हा पंपवाला काठाशी गोल गोल फिरू लागला. प्रत्येक फेरीला नावाडी एक गोणी भिरकावी आणि कमरेइतक्या पाण्यात उभे असलेले हमाल ती झेलत. शेवटच्या फेरीत बायकोने स्वतःच उडी घेतली. व्यापाऱ्याने गोण्या उघडल्या. काकड्या पोपटासारख्या हिरव्या होत्या. "पुढच्या वर्षी येतो," असे ओरडून तो ट्रक घेऊन गेला.

बोट फिरतच राहिली. मागे होडीही फिरत राहिली. नावाडी धारेखाली तळहात धरून बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने इंजिनाच्या गदारोळात घसा ताणला.

"दाजी! त्या शेळ्या आधी नेल्या, ते माझं चुकलं!"

"काय?"

"चुकलं म्हणतो!"

"ऐकू येत नाही!"

"चुकलं म्हणतोय तो!" काठावर गंमत पाहायला आलेले शिंपी आणि न्हावी एकसुरात ओरडले.

"काय म्हणतोस?" पंपवाल्याने पुन्हा विचारले.

नावाड्याने छाती भरून श्वास घेतला. नेमक्या त्याच क्षणी टाकीतील पेट्रोल संपले. सर्वत्र नीरव शांतता पसरली आणि त्या शांततेत त्याची आरोळी दोन्ही काठांवर आदळली.

"माझं चुकलं!"

पाणी संथ झाले. पंपवाल्याने खाली मान घालून म्हटले, "ऐकलं होतं रे. पहिल्यांदाच."

नावाडी उठला. त्याने दोर ओढून होडी जवळ घेतली, दाजींना हाताला धरून तिच्यात बसवले आणि होडी रेटायचा आपला बांबू त्यांच्या हाती दिला.

"मग आता तुम्ही न्या."

पंपवाल्याने जन्मात बांबू मारला नव्हता. त्याने सर्व शक्तीनिशी तो पाण्यात रोवला, आणि होडी, मागे बांधलेल्या बोटीसह, पुन्हा गोल फिरू लागली.