लांबनं दिसंल असं जाकीट

हवालदार मानसिंग फौजेतून कायमचा घरी आला, तेव्हा ट्रंकेबरोबर गळाची काठीही घेऊन आला. आसामात असताना त्याला मासे धरायचा नाद लागला होता. गाव पलूसजवळ, ऐन कृष्णेच्या काठावर. तिथं तो नाद सुटायचं काही कारणच नव्हतं. ऊस पोरं बघत होती. फौजी सकाळी नदीवर, संध्याकाळी नदीवर आणि मधल्या वेळेत पारावर.

पारावर फौजीला मोठा मान. बूट कुठले घ्यावेत, पत्र्याला रंग कुठला द्यावा, उंदरांचा बंदोबस्त कसा करावा, सगळ्यावर त्याचं मत ठरलेलं असायचं. "फौजेत आमी..." असं त्यानं सुरू केलं की लोक ऐकून घेत. मानसिंगला ते आवडायचं. नुसतं आवडायचं नाही, त्यावरच त्याचा दिवस निघायचा.

अर्जुना त्याला भेटला तो नदीवरच. आटपाडीकडचा धनगर, उभी हयात मेंढरांमागं गेलेली. मुलानं, मल्हारनं, पलूसला ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज टाकलं, मानसिंगच्या गावात घर बांधलं आणि आईबापाला घेऊन आला. अर्जुनाला रिकामं बसवेना. एके दिवशी तो मानसिंगच्या मागं येऊन उभा राहिला आणि किती तरी वेळ पाण्याकडं बघत राहिला.

"बस की रं," शेवटी मानसिंगच म्हणाला.

तो बसला, तो बसलाच. मानसिंगनं त्याला गांडूळ कसं लावायचं ते शिकवलं, दोरी कशी सैल सोडायची ते शिकवलं. पोहायला मात्र शिकवलं नाही. अर्जुनाच्या मुलखात पोहण्याएवढं पाणी त्यानं कधी बघितलंच नव्हतं, आणि या वयात आता कुठं शिकायचं, असं दोघांनाही वाटलं. तो मानसिंगला 'तुमी' म्हणायचा, मानसिंग त्याला 'तू'. वय दोघांचं सारखंच होतं, पण हे कधी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पावसाळ्यात पाणी गढूळ झालं की मासा चांगला लागतो. पण अर्जुना अंगावर घोंगडं घेऊन बसायचा, आणि ते भिजलं की असं जड व्हायचं की त्याला उठताना हात द्यावा लागायचा. मग मानसिंगनं ठरवलं, सांगलीला जायचं आणि दोघांना चांगली जाकिटं आणि पँटी आणायच्या.

अर्जुनाची बायको भामाबाई दारापर्यंत आली होती. "न्या भावजी, पन एक करा. लांबनं दिसंल असं काय तरी घ्या. त्या काळ्या घोंगड्यात हे बसलं, की माडीवरनं मला दगड कुठला आन् मानूस कुठला ते कळत न्हाई. जीव टांगल्यागत होतो."

"वयनी, तुमी बिनघोर ऱ्हावा," मानसिंग म्हणाला.

सांगलीच्या बाजारात ताडपत्र्या, रेनकोट आणि गळाचं सामान विकणारं एक दुकान होतं. काउंटरला पल्लवी नावाची मुलगी होती. तिनं ढीगभर माल काढला, पण मानसिंगनं तिला बोलूच दिलं नाही. जाकीट उलटं करून त्यानं शिवणीवर आतून पट्टी मारली आहे का ते बघितलं. कापडाला तोंड लावून फुंकर मारली. "वारा आरपार गेला, तर पानी बी जानार," तो अर्जुनाला म्हणाला. मनगटाला चिकटपट्टी हवी, म्हणजे हात वर केला तरी पाणी बाहीतून काखेत उतरत नाही. टोपी अशी हवी, की मान वळवली तर तीही वळली पाहिजे. पँट कमरेची नको. बसल्यावर पाठ उघडी पडते. छातीपर्यंत येणारी, खांद्यावरून पट्ट्या घेतलेली, गॅलिसची हवी, आणि गुडघ्याला दुहेरी कापड हवं.

अर्जुनानं जन्मात पँट घातली नव्हती. गॅलिस खांद्यावर चढवून तो आरशासमोर उभा राहिला आणि स्वतःला बघून इतका हसला, की गिऱ्हाईकंही हसायला लागली.

मग रंगाचा प्रश्न आला. असला चांगला माल दोनच रंगांत होता, एक शेवाळी हिरवा आणि एक भगभगीत केशरी. अर्जुनाचा हात थेट केशरीवर गेला.

"ह्यो घिऊया. भामीनं सांगितलंय, लांबनं दिसंल असं."

"घ्या की," पल्लवी म्हणाली. "नदीवर जाणारे बरेच जण केशरीच नेतात."

मानसिंगनं तिच्याकडं नुसतं बघितलं. "पोरी, माशाला रंग दिसतो, म्हाईत हाय का तुला? केशरी बघितलं की मासा काठाला फिरकत न्हाई. फौजेत आमी ह्याच्यावर अभ्यास केलाय."

असला कुठलाही अभ्यास कुणी केला नव्हता. मानसिंगनं फौजेत सगळी नोकरी गोदामात कपडे-बूट वाटण्यात काढली होती. पण अर्जुनानं हातातलं केशरी जाकीट घडी घालून परत ठेवलं. एकदाच त्याच्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, "तुमास्नी ठावं. हिरवं तर हिरवं."

खरी गोष्ट मानसिंगनं त्या संध्याकाळी जेवताना बायकोला, लीलाबाईला सांगितली, आणि तीही हसत. "केशरी घालून बसलो असतो तर पारावरची म्हनली असती, फौजी गटारं साफ करायच्या कामाला लागला. अर्जुनाला एकट्याला केशरी घेतलं असतं तरी त्येच्याशेजारी मीच बसनार की."

लीलाबाई हसली नाही. "आन् भामाबाईनं सांगितलं हुतं ते?" एवढंच तिनं विचारलं. मानसिंगनं आमटी वाढून घेतली.

त्या पावसाळ्यात दोघांची जाकिटं गावात गाजली. भामाबाई मात्र हिरवा रंग बघून गप्प झाली होती. अर्जुनानं तिला माशाच्या डोळ्यांचं सांगितलं, पण ते म्हणणं कुणाचं ते सांगितलं नाही. तिनं पुन्हा विषय काढला नाही.

भाद्रपदात धरणातून पाणी सोडलं. नदी पात्राबाहेर आली नव्हती, पण काठाच्या करंजा-बाभळींच्या बुंध्याला पाणी लागलं होतं. दुपारपासून पाऊस लागून राहिला होता. मानसिंगकडं कराडहून पाहुणे यायचे होते, म्हणून तो लवकर उठला. "तू बी चल," असं त्यानं म्हटलं, पण अर्जुनाच्या गळाला नुकताच एकदा झटका बसला होता. "एवढा एक बघतो आन् आलोच," अर्जुना म्हणाला.

पाहुण्यांचा चहा व्हायच्या आत मल्हार धावत आला. अर्जुनाची काठी आणि डबा काठावर होता. जिथं तो बसायचा, तिथली माती ढासळून गेली होती.

मानसिंग खुंटीवरचं जाकीट अंगात अडकवून चपला न घालताच पळाला. महापुरानंतर गावाला मिळालेली इंजिनाची बोट कृष्णात आणि दादासो या दोघा गड्यांनी पाण्यात लोटली होती. काठावर माणसं जमली होती आणि सगळ्यांच्या पुढं, चिखलात घोट्यापर्यंत रुतून भामाबाई उभी होती.

कृष्णातनं बोटीतून ओरडून विचारलं, "फौजी, अंगावर कापडं कसली हुती? रंग कुठला?"

सगळे मानसिंगकडं बघत होते. "हिरवा," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की कृष्णातला ऐकू गेला नाही. मानसिंगला ते पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. "हिरवा! वर-खाली हिरवाच!"

"हिरवा?" कृष्णातनं काठाच्या झाडीकडं बघितलं. दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर पाण्यात बुडालेली हिरवीगार झाडी होती. त्यानं मान हलवली आणि बोटीचं तोंड प्रवाहाकडं वळवलं.

भामाबाईनं मान वळवली नाही. मानसिंगच्या अंगावर तसलंच जाकीट होतं. त्यानं ते काढलं, पण ठेवायचं कुठं ते त्याला कळेना. ते हातात गोळा करून तो पावसात उभा राहिला.

बोट खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. अर्जुना त्या वेळी वळणाजवळच्या एका करंजाला मिठी मारून होता, हे मागाहून कळलं. बोट त्याच्या अगदी समोरून दोनदा गेली. त्यानं हाका मारल्या, पण पाण्याच्या आणि इंजिनाच्या आवाजात त्या कुठल्या कुठं गेल्या. शेवटी त्यानं एका हातानं फांदी धरून, दातांनी चेन ओढून जाकीट अंगातून उतरवलं आणि पाण्यात सोडून दिलं. आत पांढरी बंडी होती. अंधार पडायला थोडाच अवकाश असताना दादासोला झाडीत काही तरी पांढरं हललेलं दिसलं.

अर्जुनाला बोटीतून उतरवलं, तेव्हा त्याला उभं राहता येत नव्हतं. ओठ निळे पडले होते. मल्हारनं त्याला गाडीत घालून सांगलीला दवाखान्यात नेलं. छातीत पाणी धरलं होतं, ताप चढला, पण माणूस वाचला.

मानसिंग दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेला. खाटेभोवती भामाबाई, मल्हार, कृष्णात आणि गावातले दोघं-तिघं होते. कृष्णात सांगत होता, "हिरव्यात हिरवं, काय दिसतंय? जाकीट काढायचं डोकं चाललं म्हनून वाचला. अर्जुनातात्या, असला रंग घ्यायला तुमास्नी सांगितला कुनी?"

अर्जुनानं उशीवरून डोळे मानसिंगकडं फिरवले, पण क्षणभरच.

"कुनी कशाला सांगंल?" अर्जुना खोकत म्हणाला. "मलाच आवडला. हिरवळीचा रंग. आमच्या मुलखात बघायला मिळत न्हाई."

झालं, भामाबाईचा बांध फुटला. "मी सांगितलं हुतं का न्हाई तुमाला? दारात हुबं ऱ्हाऊन सांगितलं! बायकूचं ऐकायचंच न्हाई. रंग आवडला म्हनं! काठावर मी काय बघितलं ते माझं मला ठावं." ती बोलत राहिली. अर्जुना ऐकत राहिला. कृष्णात हसून म्हणाला, "घ्या आता, तात्या." आणि मानसिंग भिंतीला टेकून उभा होता. खरं सांगायला एक शब्द पुरेसा होता. तो शब्द त्याच्या जिभेवर आला आणि कृष्णातकडं, गावच्या माणसांकडं बघून परत आत गेला. निघताना भामाबाई उलट त्यालाच म्हणाली, "भावजी, तुमी अनवानी पळत आलासा. लय उपकार झालं." त्यानं हात जोडले. ते हात कशासाठी जोडले, हे त्याचं त्यालाच माहीत.

घरी येऊन तो जेवला नाही. पारावर गेला नाही. लोकांना वाटलं, मित्रासाठी फौजीचा जीव तुटतोय, आणि त्याची आणखीच वाहवा झाली. ती त्याच्या कानावर आली की त्याला कुठं तोंड लपवू असं होई. अर्जुना घरी आल्याचं कळलं तरी त्याचं पाऊल उचललं नाही.

लीलाबाईनं वाट बघितली आणि मग एका सकाळी भाकरी थापता थापता म्हणाली, "भामाबाई भेटली हुती. नवऱ्याला अजून बोलतीया, त्या रंगापायी. आन् तो ऐकून घेतोय." तव्यावरची भाकरी उलटून तिनं मानसिंगकडं बघितलं. "मला हसत सांगितलंसा. तिला कसं सांगायचं ते तुमी बघा, पन सांगा."

मानसिंग उठला. रस्ता कसा गेला, ते त्याला कळलं नाही. भामाबाई अंगणात शेळीला पाला टाकत होती.

"वयनी," तो म्हणाला, "हिरवा रंग अर्जुनानं घेतला न्हाई. त्यानं केशरी उचलला हुता. तुमचं नाव घिऊन उचलला हुता. मी ठेवायला लावला."

तिचा हात थांबला. "माशाला रंग दिसतो म्हनून?"

इथं तो हो म्हणू शकला असता. तेवढ्यावर निभावलं असतं. "न्हाई. ते खोटं हुतं. केशरीत लोक हसतील म्हनून. मला हसतील म्हनून."

शेळीनं भामाबाईच्या हातातली फांदी ओढून घेतली.

"मानूस पान्यात हुता, तवा बी तुमी बारीक आवाजात सांगितलंसा," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमाला रडू आलंय."

मानसिंगनं मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तरी बरं झालं असतं.

आतून अर्जुनाचा खोकला आला आणि पाठोपाठ आवाज. "कोन हाय गं?"

"तुमचा फौजी," भामाबाई म्हणाली. मग दाराकडं तोंड करून, आतल्याला नीट ऐकू जाईल अशी म्हणाली, "आन् तुमी! मी बोलत हुते तवा गप बसलासा. दोस्ताची लाज राखलीसा. माझ्याशी खोटं बोलून!"

मग अर्जुना भिंतीला धरत धरत दारात आला. वाळला होता. त्यानं मानसिंगकडं बघितलं, आणि त्या बघण्यात राग होता, पहिल्यांदाच. "एवढे दिवस आला न्हाईस," तो म्हणाला. "त्येचा राग हाय मला. रंगाचा न्हाई."

'तुमी' गेलं होतं. मानसिंगला ते ऐकू आलं, आणि त्यानं ते निमूट घेतलं.

"येत जाईन," तो म्हणाला.

"नदीवर मी न्हाई येनार आता. भामीला शब्द दिलाय."

"मग हितंच येईन."

भामाबाईनं पाल्याची पाटी उचलली आणि गोठ्याकडं निघून गेली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. अर्जुना उंबऱ्यावर बसला. मानसिंग पायरीवर, त्याच्या खाली बसला, आणि दोघंही गोठ्यातून ती परत यायची वाट बघत राहिले.